आजीच्या माहेरावर चौदा मीटर पाणी

तुमच्यापैकी बहुतेकांनी हिडकल धरण पाहिलेलं असणार. शाळेची सहल, नाहीतर पावसाळ्यात दरवाजे उघडले की डबे बांधून निघालेलं घरचं टोळकं. आमच्या घरी मात्र हिडकलला बघायला म्हणून कोणी जात नाही, आजीला घेऊन जातात. तिचं माहेर त्या पाण्याखाली आहे.

घटप्रभेवरचं हे धरण १९७७ साली पूर्ण झालं. कागदोपत्री नाव राजा लखमगौडा जलाशय, साठवण ५१ टीएमसी. बेळगावच्या नळाला येणारं पाणी काही राकसकोपचं, काही इथलं. म्हणजे आजी रोज सकाळी आपल्या माहेरच्या अंगणावरचं पाणी तांब्यात भरून घेते. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. एकदा चहा गाळताना तीच म्हणाली.

हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ तुम्हाला ठाऊक असेल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते बाहेर येतं आणि लोक दर्शनाला लोटतात. आजीही जाते. येताना मात्र गाडीत गप्प असते. "देव वर येतो गं. आमचं घर काय येत नाही." तिची वाडी आणखी खाली, ओढ्याच्या अंगाला होती. पाणी कितीही आटलं तरी तिथवर आटत नाही. आणि आटावं असं तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं? ज्या वर्षी ती वाडी दिसेल, त्या वर्षी बेळगावात प्यायला पाणी नसेल.

घर सोडताना तिच्या वडिलांनी कौलं काढली, वासे काढले, चौकटसुद्धा उपटून बैलगाडीत घातली. राहिलं ते सोप्यात पुरलेलं दगडी उखळ. लहानपणी ती आणि तिची बहीण समोरासमोर बसून त्यात मिरच्या कांडायच्या. "ते कोण उपटणार? जमिनीतच होतं ते," ती सांगायची. पन्नास वेळा ऐकलेली गोष्ट. काका पाण्याखाली जायला शिकले आणि ती एकदम वेगळी ऐकू यायला लागली.

काकांचं वय ५४. उद्यमबागेत त्यांची छोटी फौंड्री आहे. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि माणूस पोहत पोहत खालीच गेला. तारकर्लीला स्कूबाचं शिक्षण घ्यायचं ठरलं तेव्हा घरातलं कोणी सोबत जाईना. काकी म्हणाल्या, "मला विहिरीत वाकून बघायला भीती वाटते." मग मी गेले. स्कूबात एकट्याने उतरायचं नसतं, जोडीदार लागतो. त्याला सगळे 'बडी' म्हणतात. तेव्हापासून माझा बडी म्हणजे माझे सख्खे काका.

पहिल्याच दिवशी काकांनी गंमत केली. चार मीटरवर प्रशिक्षकाने खुणेने विचारलं, ठीक आहे का? काकांनी झकास म्हणून अंगठा वर केला. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'मला वर जायचंय'. प्रशिक्षकाने त्यांना लगेच वर आणलं. काका वर येऊन विचारतात, "काय झालं? मी तर मस्त होतो की!" या खुणेचा एक नियम तिथंच शिकवला जातो: जोडीतल्या कोणीही, कधीही, कारण न सांगता अंगठा दाखवावा आणि दुसऱ्याने वाद न घालता वर निघावं.

आणखी एक गोष्ट सांगते, बेळगावकरांच्या कामाची आहे. मालवणात डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून घरी यायचं नाही. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. घाट चढणं म्हणजे तेवढं विमान वर नेण्यासारखंच. आम्ही रात्री मालवणात मुक्काम करतो. काकांना तो नियम फार आवडतो, कारण रात्री सुरमई असते.

हिडकलचा हिशेबही त्यामुळेच समुद्रासारखा नाही. जलाशयाचं पाणी सुमारे ६६० मीटर उंचीवर. ३०० मीटरच्या वर कुठंही उतरलं की उंचीवरच्या डाइव्हचे नियम लागू होतात: हवेचा दाब आधीच कमी, म्हणून १४ मीटर खोलीला थोड्या जास्त खोलीसारखं वागवायचं, वर हळू यायचं. पाणी गोडं, म्हणजे समुद्रापेक्षा हलकं. माणूस त्यात कमी तरंगतो. समुद्रात कमरेला जेवढं शिसं लावते त्यातलं दोन किलो मी काढून ठेवलं.

परवानगी मिळायला पाच महिने लागले. लेखी आणि एकाच दिवसाची. धरणाच्या भिंतीकडे फिरकायचं नाही ही पहिली अट, आणि ती योग्यच आहे. दरवाज्यांच्या तोंडाशी पाण्याची ओढ वरून दिसत नाही, पण माणूस एकदा तिथं चिकटला की सुटत नाही. कृपा करून हा लेख वाचून कोणी गॉगल घेऊन हिडकलला निघू नका.

जागा कशी ठरवली? धरणाआधीचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा काकांनी मिळवला. त्यावर ओढा, देऊळ, गाडीवाट सगळं होतं. तो फोनमधल्या नकाशावर बसवला आणि आजीला विचारत गेलो. देवळापासून घर किती? "हाकेच्या पल्ल्यावर," ती म्हणाली. आता हाकेचे मीटर किती, हे फोन सांगत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी निघालो. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, मग आत. गाडीत मालवणहून भाड्याने आणलेली चार सिलिंडरं आणि नाववाल्यासाठी कुंद्याचा डबा. नाववाला तिथलाच, मासे धरणारा, कानडी बोलणारा. सामान चढवताना त्याने दोनदा बजावलं, "बले अदाव री, हुशार." जाळी आहेत, जपून. आम्ही मान डोलावली. माझ्या पायाला कात्री बांधलेली होती, काकांच्या पायाला सुरी.

ठरलं होतं असं: दगड बांधलेली दोरी तळापर्यंत सोडायची, वर तरंगता डबा. काकांनी त्या दोरीशी थांबायचं. मी त्यांच्याकडून निघालेली बारीक दोरी धरून भोवती गोल फिरत तळ चाचपायचा. बारीक दोरी तीन मीटर, त्याहून जास्त नाही. एक झटका म्हणजे ठीक. सलग झटके म्हणजे अडचण.

मालवणचं पाणी डोक्यातून काढून टाका. इथं रंगीत मासे नाहीत, प्रवाळ नाही. दोन मीटरवर पाणी हिरवट, सहावर बाटलीच्या काचेसारखं, दहाच्या खाली तपकिरी अंधार. बॅटरी लावली तर चोर्ल्याच्या घाटात धुक्यात हेडलाइट लावल्यासारखं: उजेड समोरच अडतो, परत डोळ्यांत येतो. मनगटावरचा संगणक २२ अंश दाखवत होता. पोटाशी आलेला तळ दिसला नाही, हाताला लागला. पिठासारखा मऊ. हात आत गेला आणि होता नव्हता तो उजेडही गढूळ झाला.

त्या अंधारात आवाज फक्त आपल्या श्वासाचा. आणि हातात दोरी. तिच्या दुसऱ्या टोकाला काका आहेत हे मला डोळ्यांनी कळत नव्हतं, फक्त दोरीचा ताण सांगत होता. एक झटका दिला. एक झटका परत आला. एवढं बरं मला क्वचित वाटलं असेल.

पहिल्या फेरीत एका झाडाचं खोड लागलं. दुसऱ्या फेरीत काही नाही. तिसऱ्या फेरीत उजव्या हाताला दगड लागला, आणि तो घडवलेला होता. सरळ कड, काटकोन. त्याच्यापुढे दुसरा. मग तिसरा. भिंतीचा पाया ओळीने पुढे चालला होता आणि माझी दोरी संपली होती.

इथं मी चुकले. रीळ माझ्याकडे होतं, त्यावर दोरी भरपूर होती. मी ती सोडत गेले. चार मीटर, पाच, सात. मनात एवढंच होतं, की आजीचा सोपा सापडतोय. पायाच्या आतल्या बाजूला एक सपाट दगड लागला आणि त्यात माझी बोटं गेली. गोल खळगा. गाळाने भरलेला. मी गाळ उपसायला लागले, मनगटापर्यंत हात आत गेला.

आणि दोरीला झटके आले. एक, दोन, तीन, मग मोजता येईनात.

मला सांगायला लाज वाटते, पण मी एक क्षण थांबले. हात त्या खळग्यात होता. सोडला तर तो मला परत सापडणार नाही हे कळत होतं. मग सोडला.

दोरी गुंडाळत गेले. आधी काकांचा हात सापडला, तो माझा दंड घट्ट धरून राहिला. झालं होतं असं, की दोरी लांब लांब जाते आहे हे पाहून काका माझ्या दिशेने सरकले, आणि त्या खोडात अडकलेल्या जुन्या जाळ्यात त्यांचं फिन आणि सिलिंडरचा वरचा भाग गुंतला. नायलॉनचं बारीक जाळं. बॅटरीच्या उजेडातही दिसत नाही, आणि धडपडलं की आणखी आवळतं. त्यांनी धडपड केली नव्हती. सुरीपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून ते नुसते स्थिर राहून झटके देत होते.

मी चाचपून कापत गेले. किती वेळ? मला दहा मिनिटं वाटली, संगणक म्हणतो चार. काकांचा काटा ७० बारवर आला होता. उतरताना २०० होता. मी काही विचारायच्या आधी त्यांनी माझ्या चेहऱ्यासमोर मूठ आणून अंगठा वर केला. या वेळी अर्थ बरोबर होता.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तिथं उजेड होता आणि काका मला दिसत होते. खांद्यावर जाळ्याचा तुकडा लोंबत होता. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. वर आल्यावर नाववाल्याने जाळं बघितलं आणि काही बोलला नाही. काकांनी कुंद्याचा डबा उघडून आधी मला दिला. उरलेली दोन सिलिंडरं तशीच परत आली.

परतताना मी माफी मागितली. काका म्हणाले, "मला सांगू नको बाळ. आजीला सांग, काय झालं ते सगळं."

सांगितलं. आजी कॉटवर बसून ऐकत होती. पाया लागला, सपाट दगड लागला, खळगा लागला म्हटल्यावर तिने विचारलं, "काठ गुळगुळीत होता की खरबरीत?" उखळाचा काठ कांडून कांडून गुळगुळीत झालेला असतो. तसा नसेल तर तो खांबाखालचा दगड. माझ्या हातात जाड मोजे होते. मला सांगता येईना.

मोज्यांच्या शिवणीत गाळ अडकला होता, तो मी डबीत काढून आणला होता. तिने चिमटीत घेतला, उन्हाकडे धरला. "ही आमची न्हवं. आमची माती काळी. ही चंदगडकडची तांबडी." बरोबर होतं तिचं. घटप्रभा आणि ताम्रपर्णी दोन्ही चंदगडकडून येतात, आणि इतक्या वर्षांचा त्यांचा गाळ त्या वाडीवर बसलाय. तिची काळी माती त्याच्या खाली.

मग जाळ्याची गोष्ट आली. ती पूर्ण होईपर्यंत तिने डबीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. शेवटी विचारलं, "दोरी किती ठरली होती?"

"तीन मीटर."

"म्हणजे किती हात?"

"साडेसहा."

"आणि सोडली कुणी?"

मी सांगितलं. ती मला काही बोलली नाही. काकांना म्हणाली, "उखळ कुठं पळून जातंय रे? तू गेला असतास तर मी काय त्यात मिरच्या कांडल्या असत्या?" आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

चार दिवसांनी एका कोऱ्या कागदावर तिने पेन्सिलीने घर काढून दिलं. सोपा, माजघर, परसातला गोठा. उखळ दारातून आत जाताना डाव्या हाताला, आणि खांब उजव्या हाताला. मी पायाच्या कुठल्या बाजूने चाचपत गेले होते ते आठवून आम्ही दोघी त्या कागदावर बोट फिरवत बसलो. दोनदा डावीकडे येतं, एकदा उजवीकडे.

परवानगीसाठी नवा अर्ज दिला आहे. काकांनी सुरी दंडावर बांधायची सोय करून घेतली आहे, दोन्ही हात पोचतील अशी. रिळात आता तीन मीटरच दोरी आहे. बाकीची आजीने विळीवर कापली आणि परसात कपडे वाळत घालायला बांधली.