गिटारच्या पोटात तांबं

काकांची गिटार माझ्याकडे आली ती जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली, साताऱ्याहून एसटीत काकांच्या शेजारच्या सीटवर बसून. मांडीवर घेतली असती तर धरावी लागली असती, आणि संधिवातानं त्यांची बोटं आता काहीच नीट धरत नव्हती. चहा झाल्यावर म्हणाले, "कपाटावर पडून राहण्यापेक्षा तुझ्याकडे वाजू दे. पण हिला आवाज आहे हं, सांगून ठेवतो. पहिल्यापासून आहे."

ऐंशीच्या दशकात काका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रा. सात-आठ वर्षांची असताना मी विंगेत स्पीकरच्या खोक्यावर बसून ते पाहिलं आहे. मांडवामागे डिझेलचा जनरेटर, बाजूला रंगीत दिवे कमी-जास्त करणारा डिमरवाला, आणि पुढे काका. गाणं सुरू होण्याआधी ते जागच्या जागी सावकाश वळायचे, थांबायचे, किंचित मागे यायचे आणि मग ढोलकवाल्याकडे बघून मान हलवायचे. मला वाटायचं, गर्दीत ते कुणाला तरी शोधतायत.

गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्यांची, लिओ फेंडर यांच्या कंपनीनं १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची, पण इथेच कुणी तरी बनवलेली. काकांनी वाजवलेल्या धुना त्यांच्याकडून फोनवर ऐकून, बसवून रेकॉर्ड करायच्या असं मी ठरवलं. ते गुणगुणणार, मी वाजवणार. रात्री दहानंतर घर शांत झालं की बसायचं. पहिल्याच रात्री अँप्लिफायर लावला आणि लक्षात आलं की घर शांत झालं तरी गिटार होत नाही.

आधी मला तो एकच आवाज वाटला. चार-पाच रात्री नुसती ऐकत बसल्यावर त्याचे दोन पदर सुटे झाले. खाली एक संथ, गोल गुणगुण. तिचा सूर मी हार्मोनियमवर शोधला: पांढरी पाचच्या किंचित वर. हिशोब बरोबर जुळतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि खर्जातली पांढरी पाच ४९ हर्ट्झच्या आसपास असते. दुप्पट केलं तर १०० आणि ९८. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत जो सूर मिळतो, त्याला घासून ही गुणगुण चालू होती. आणि तिच्या वर दुसरा पदर, काडेपेटीत गांधीलमाशी कोंडावी तसा. हा जास्त छळायचा, कारण धुनेतल्या प्रत्येक विरामात तो शिरायचा. काकांच्या वाजवण्यातलं सगळं सौंदर्य विरामात होतं. दोन स्वरांमध्ये ते अशी जागा सोडायचे की ऐकणारा श्वास धरायचा. त्या जागेत ही गांधीलमाशी मला चालणार नव्हती.

घाईनं पेचकस हातात घेण्यापेक्षा आधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, आवाज गेला. म्हणजे दोष अँप्लिफायरचा किंवा केबलचा नाही, गिटारचाच. मग तारांवर तळहात ठेवला. किरकिर एकदम खाली बसली, हात उचलताच परत उठली. तिसरी गोष्ट, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला आणि किरकिर निम्म्यावर आली. हे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापून पंखा हळू करतात, आणि कापलेल्या लाटेच्या धारदार कडा खोलीभर पसरतात. मांडवातला डिमर हेच करत होता, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

हात ठेवल्यावर आवाज कमी का व्हावा, हे कळायला मला वेळ लागला. आपलं अंग वीज वाहून नेतं. भिंतीतल्या वायरींचं विद्युतक्षेत्र ते गोळा करतं आणि गिटार पोटाशी धरली की थेट तिच्या आतल्या वायरींना देतं. तारा ब्रिजमधून एका वायरीनं अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून त्यांना हात लागला की अंगही अर्थला जोडलं जातं आणि निवतं. म्हणजे जिवाभावानं कवटाळलेल्या गिटारला सगळ्यात जवळचा उपद्रव माझाच होता. हात ठेवून आवाज कमी होत असेल तर गिटारच्या पोटाला धातूचं अस्तर लावून उपयोग होतो. उलट वाढत असेल तर जोडणी चुकलेली आहे, आणि ती आधी दाखवून घ्यावी.

अर्थचा विषय निघालाच, म्हणून घरातली जोडणी बघायला वायरमनला बोलावलं. आमची इमारत जुनी, भाड्याचं घर. त्यानं फेज आणि न्यूट्रलमध्ये दिव्याचा होल्डर धरला, बल्ब लागला. फेज आणि अर्थमध्ये धरला, बल्ब लागलाच नाही. तीन पिनांचं सॉकेट होतं, तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. "ताई, हे नुसतं दिसायला आहे," तो म्हणाला. मला थंडी वाजल्यासारखं झालं. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सतत अशा धातूवर असतात, जो अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेला आहे. अँप्लिफायरमध्ये काही बिघडलं आणि अर्थ नसला तर तो झटका थेट तारांवर येतो. काकांनी मांडवांमध्ये ओल्या जमिनीवर, आकडे टाकून घेतलेल्या विजेवर वर्षानुवर्षं वाजवलं. मालकांशी बोलून अर्थिंग नीट होईपर्यंत मी गिटारला हात लावला नाही. घरात कुणी इलेक्ट्रिक गिटार आणत असेल तर पिकअप कुठले, स्पीकर कुठला हे सगळं नंतर. आधी तिसरं भोक तपासा.

मग अस्तराचं तांबं. माझ्या डोक्यात तांबं म्हणजे पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी. शाळेत जाताना तिथून गेलं की माठारकामाची ठकठक लांबपर्यंत सोबत यायची. तिथल्या एका कारागिरांना मी गिटारचं आणि पिकअप बसतात त्या तिच्या पोटातल्या खाचेचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं, बंबाचा पत्रा बोटांनी वाकवून दाखवला आणि म्हणाले, "आमचा पत्रा खाचेच्या कोपऱ्यात बसायचा नाही. ठोकून बसवाल तर लाकूड फुटेल. तुम्हाला बेगडासारखं पातळ पाहिजे." बेगड! गणपतीच्या मखराला लावतात तो शब्द त्यांनी अगदी नेमका दिला. तपकीर गल्लीत तो बेगड कॉपर टेप या नावानं मिळाला, दोन इंच रुंद, मागे गोंद असलेला. सोबत २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, कथलाची तार आणि बीप वाजणारा मल्टीमीटर घेतला.

हे बेगडाचं कवच फार जुनं आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी लाकडी सांगाडा उभारून त्याला तारा आणि धातूचा वर्ख गुंडाळला, बाहेरून त्यावर विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि स्वतः उपकरणं घेऊन आत बसले. आत विजेचा मागमूसही लागला नाही. गिटारच्या खाचेला तांबं लावणं म्हणजे तीच खोली पिकअपसाठी बांधणं.

रविवारी सकाळी देवघरासमोरच्या सतरंजीवर गिटार उघडली. पुढच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे अकरा स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं एका ताटलीत मांडले, वायरींचे फोटो काढले, शिवाय कागदावर रंगासकट चित्र काढलं. खाचेत चाळीस वर्षांची धूळ होती आणि तळाला पेन्सिलीनं लिहिलेली एक तारीख. काकांचं अक्षर. पहिल्यांदा तार बदलली तेव्हाची असावी. तेवढी जागा टेपनं झाकण्याआधी मी फोटो काढून घेतला.

काम शिवणकामासारखं आहे. आधी कागदाचे बेतलेले तुकडे, त्यावरून तांब्याचे. तळाचा तुकडा आधी, मग भिंतींचे, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर अर्धा सेंटीमीटर चढवायचा. चमच्याच्या पाठीनं दाबत गेलं की सुरकुत्या निघतात. टेपची कड पात्यासारखी असते, माझ्या अंगठ्याला दोनदा लागली. भिंतीवरून टेप थोडा वरच्या लाकडावरही वळवायचा, म्हणजे पट्टीच्या मागे लावलेलं तांबं आणि खाचेतलं तांबं स्क्रू आवळल्यावर एकमेकांना भिडतं. झाकण आणि डबा एक झाले नाहीत तर ती खोली अर्धवट राहते. गोंद वीज नेतो असं पाकिटावर लिहिलं असलं तरी मी प्रत्येक सांध्यावर कथलाचा एक ठिपका दिला. एका टोकाला मल्टीमीटरची एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि बीप. जिथे बीप आला नाही तिथे परत कथील. शेवटी खाचेपासून व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीपर्यंत एक वायर जोडली. ही वायर विसरली तर तांबं नुसतं शोभेचं राहतं.

घरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉईल का नाही, असं मुलीनं विचारलं. तीही कवच होते, पण तिच्यावर साधं कथील धरत नाही आणि सांधे भरवशाचे राहत नाहीत. ग्रॅफाइटचा वीजवाहक रंगही मिळतो, दोन-तीन हात द्यावे लागतात. मला तांबं आवडलं, कारण त्यात सांधा डोळ्यांना दिसतो.

संध्याकाळी सगळं बंद केलं, तारा चढवल्या, अँप्लिफायर लावला. गांधीलमाशी नाही. गुणगुण नाही. काहीच नाही. मी मुलीचा हात धरला. मग तार छेडली, तर तीही बोलली नाही. आत जॅकची सिग्नलची पत्ती तांब्याला टेकली होती. सिग्नल निघायच्या आधीच अर्थमध्ये जात होता. पाठीवर कुणी ओझं ठेवावं तशी मी सतरंजीवर बसले. पण दोष एकाच जागी असू शकतो हे मल्टीमीटरनं दोन मिनिटांत सांगितलं. त्या जागेवर आणि निवडीच्या स्विचसमोरच्या भिंतीवर काळी इन्सुलेशन टेप लावली आणि पुन्हा अकरा स्क्रू.

आता तार बोलली. स्वच्छ, आणि मला वाटलं त्याहून किंचित मऊ. तांब्याच्या जवळिकीनं वरचा चकाकीचा भाग केसभर कमी होतो. हात उचलला. किरकिर जवळजवळ गेली होती. रेग्युलेटर चालू केला, तरी नाही. त्या रात्री मी एक जुनी धून सबंध वाजवली आणि विराम मोकळे ऐकू आले.

पण खालची गुणगुण होती. तेवढीच. दुसऱ्या दिवशी सांधे पुन्हा तपासले, सगळीकडे बीप. मग नीट वाचलं, आकडे मांडले, तेव्हा समजलं की माझं काम चुकलं नव्हतं. बेगड विद्युतक्षेत्र अडवतो. ही गुणगुण चुंबकी क्षेत्राची होती. ५० हर्ट्झचं चुंबकी क्षेत्र तांब्यात निम्म्याहून जास्त मंदावायला नऊएक मिलिमीटर जाडी लागते, आणि माझा टेप मिलिमीटरच्या काही शतांशांचा. तांबट आळीतला सगळ्यात जाड पत्राही पुरला नसता. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या तारेचे सात-आठ हजार वेढे; स्टीलची तार हलली की त्यात वीज उमटते. त्या वेढ्यांना तारेचं चुंबकत्व आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व यांत फरक करता येत नाही. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो हमबकर यावरचा खरा उपाय: दोन वेटोळी उलटसुलट जोडून एकाची गुणगुण दुसऱ्यानं खोडायची. तो बसवायचा तर काकांच्या गिटारचा गळाच बदलला असता. ते मला करायचं नव्हतं.

मी काकांना फोन केला. गिटार उघडल्याचं, तांब्याचं, पेन्सिलच्या तारखेचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाजव बघू." मी फोन स्पीकरवर ठेवून वाजवलं.

"वरचं गेलं गं. छान केलंस. खालचं आहे."

"ते तांब्यानं जात नाही, काका."

"नाहीच जात. तू कुठे बसलीयेस?"

"खिडकीकडे तोंड करून. अँप्लिफायर डाव्या हाताला."

"उठून उभी राहा. गिटार गळ्यात घे. आता हळूहळू उजवीकडे वळ. बोलू नकोस, ऐक."

मी वळू लागले. गुणगुण आधी वाढली, मग पातळ होऊ लागली. पावसात परात आडवी धरली तर भरते, उभी धरली तर तिच्यात थेंबही साठत नाही. वेटोळ्याचंही तसंच, क्षेत्राला तोंड दिलं की भरतं, कड दिली की रिकामं. मी कपाटाकडे तोंड करून थांबले तेव्हा आवाज पुन्हा किंचित चढला.

"पुढे गेलीस. थोडी मागे ये," काका साताऱ्याहून म्हणाले.

मी मागे आले. खोलीत फक्त पंख्याचं वारं राहिलं. चपलांच्या दोन्ही बाजूंनी मुलीनं फरशीवर खडूची रेघ ओढली.