लहान गाडी कोठे असावी?

जबलपूरच्या चेरीताल भागात आमचे घर आहे. येथील तरुणांना सुटीच्या दिवशी मोटारसायकली घेऊन भेडाघाटला, नाहीतर बरेल्यावरून मंडल्याच्या रस्त्याला जाण्याचा मोठा शौक. या मंडळींबरोबर मीही पुष्कळदा गेलो आहे. त्यावरून जे ध्यानात आले ते वाचकांपुढे, विशेषतः ज्यांच्या घरी नव्या गाडीचा विषय निघाला असेल अशा आईवडिलांपुढे, ठेवावेसे वाटते.

माझ्या पुतण्याजवळ शंभर सीसीची चांगली चालती गाडी होती. तरी त्याने साडेतीनशे सीसीच्या गाडीचा हट्ट धरला. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "काका, बाकीच्यांच्या गाड्या मोठ्या आहेत. मी एकटाच मागे पडतो." त्याला वेगाची हौस नव्हती, मागे पडण्याची लाज मात्र वाटत होती. आणि रस्त्यावर ही लाज फार घातक असते. त्याच सुमारास शेजारच्या गल्लीतील एक मुलगा मंडल्याच्या वाटेवर वळणावर पडला आणि तीन महिने पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसला. त्याची गाडी तर साऱ्या तांड्यात मोठी होती! पेट्रोलसाठी थांबल्यामुळे तो मागे राहिला होता आणि पुढच्यांना गाठण्याच्या घाईत होता. मोठ्या इंजिनाने त्याला वळणापर्यंत लवकर पोहोचविले. वळण कसे घ्यावे, हे काही ते इंजिन त्याला शिकवू शकले नाही.

आपण म्हणाल, मग इंजिनाला काहीच महत्त्व नाही काय? आहे. मागे माणूस बसला असेल आणि चढ लागला, तर लहान गाडी दमते. ट्रक ओलांडण्यास तिला अधिक वेळ व अधिक मोकळा रस्ता लागतो. परंतु या तिच्या मर्यादा चालकाला आधीपासून ठाऊक असतात व तो त्या धरून चालतो. मोठ्या गाडीची मर्यादा मात्र बहुधा ब्रेक लावण्याच्या क्षणीच कळते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हा हिशेब कोणत्याही इंजिनाला चुकत नाही.

घोळक्याने जाताना आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. समजा, आठ गाड्या एकामागून एक निघाल्या आणि प्रत्येकीने पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखले. तर पहिल्या व शेवटच्या गाडीत चौदा सेकंदांचे अंतर पडते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने हे जवळजवळ दोनशे मीटर झाले. पहिल्याने बैलगाडी ओलांडली तेव्हा मोकळा असलेला रस्ता शेवटचा तेथे पोहोचेपर्यंत मोकळा राहील, याचा काय भरवसा? शिवाय पुढचा थोडा थबकला की मागच्यांना एकाहून एक अधिक थांबावे लागते, आणि पुढचा निघाला की मागच्यांना धावावे लागते. म्हणजे सर्वांत जास्त धावपळ शेवटच्याच्या वाट्याला येते, आणि आपण तर नेमकी सर्वांत लहान गाडी व सर्वांत नवखा मुलगा तेथेच ठेवतो!

संगतीने गाडी चालविण्याचे कौशल्य म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आमच्या जबलपुरातच आहे. सैन्याच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्राचे 'डेअर डेव्हिल्स' हे मोटारसायकल पथक १९३५ पासूनचे आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या कर्तव्यपथावर या पथकाच्या ४० जवानांनी ७ मोटारसायकलींवर २०.४ फूट उंचीचा मानवी मनोरा रचला आणि तो चालता ठेवला. तेथे कोणा एकाची गाडी वीतभर पुढे गेली तरी सारा मनोरा ढासळावयाचा. इंजिनात शक्ती असूनही ती न वापरणे, हीच तेथील खरी विद्या.

पुतण्याची समजूत घालण्याऐवजी मी त्या मंडळींतील वयाने मोठ्या मुलाशी बोललो. त्याने ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारपासून क्रम बदलला. आता सर्वांत अनुभवी चालक पुढे असतो. त्याच्या पाठोपाठ सर्वांत लहान गाडी, म्हणजे ती आरशात सतत दिसते व तिच्या बेताने सर्वांचा वेग ठरतो. दुसरा अनुभवी चालक शेवटी राहतो. आपसात कोणी कोणाला ओलांडीत नाही. समोरचे वाहन ओलांडावयाचे तर प्रत्येकाने स्वतः रस्ता पाहूनच. आणि फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबावयाचे. मंडल्यास पोहोचण्यास वीस मिनिटे अधिक लागतात. पण चहाच्या टपरीवर सर्व जण एकदमच उतरतात. पुतण्याने मोठ्या गाडीचे नाव पुन्हा काढलेले नाही.

वाचकहो, आपला मुलगा मोठी गाडी मागू लागला, तर पैशांचा हिशेब मांडण्यापूर्वी त्याला दोन गोष्टी अवश्य विचारा. तू कोणाबरोबर जातोस? आणि तू मागे राहिलास तर तुझ्यासाठी कोण थांबते? या दुसऱ्या प्रश्नाला त्याला उत्तर देता आले नाही, तर गाडी बदलून काही साधणार नाही. संगत मात्र बदलावी लागेल.