पनामाची मूठभर माती

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्याकडं केळीवाल्यापुढं पनामाचं नाव काढलं की त्याला 'पनामा' मर रोगच आठवतो. मातीतली बुरशी मुळांतून शिरते, पानं पिवळी पडतात, उभं झाड बसतं. आणि त्याच पनामात, बारो कोलोराडो बेटावर, मी बुरशीला जिवापाड जपणारी माणसं पाहिली!

हे बेट मुळात डोंगरमाथा. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, पाणी चढलं, माथा तेवढा वर राहिला. हतनूर धरणाच्या फुगवट्यात टेकडी उरावी तसा. पण केवढा! १५०० हेक्टरांहून मोठा, आणि सगळं रान. पाऊस वर्षाला सुमारे २६०० मिलिमीटर, जळगावच्या तिपटीहून जास्त. वर माकडं गरजताहेत, पानापानांतून पाणी ठिबकतंय, आणि समोर आपल्या सावरीची चुलत बहीण उभी आहे. तिच्या मुळांच्या भिंती आमच्या आषाढीच्या रथाच्या चाकांहून उंच!

एवढं रान पोसणारी माती मात्र पावसानं धुतलेली, लालसर, चिकट. आमच्या काळ्या रानासारखी मुळीच नाही. तिच्यातलं स्फुरद कोवळ्या मुळांच्या हाती सहज लागत नाही. मग रोपं जगतात कशावर?

बेटावरच्या प्रयोगशाळेतल्या एका ताईंनी रंगवलेली मुळी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मी डोळा लावला, आणि निळंच निळं! केसाहून कितीतरी बारीक धागे मुळीत शिरलेत, पेशीपेशीत चिमुकली झाडं फांद्या पसरून उभी आहेत. मुळीच्या आत बुरशीचं झाड! मुळं पोचत नाहीत तिथून बुरशी स्फुरद आणते, रोप तिला साखर देतं. मोठ्या बीजवळ स्वतःची शिदोरी असते. खसखशीएवढ्या बीचं रोप मात्र या सोबतीवाचून खुरटतं.

आणि बुरशीची दुसरी, मारणारी जातही इथंच. आईच्या झाडाखाली तिच्या जातीचे शत्रू मातीत साठलेले असतात. २०१० साली इथल्या अभ्यासकांनी दाखवलं, की रोप स्वजातीच्या झाडाखालच्या मातीत मागं पडतं, परक्या झाडाखालच्या मातीत जोम धरतं. म्हणूनच एकच जात रान व्यापत नाही. आमचा शेतकरी आधीच्या पिकाचा बेवड बघून पीक घेतो. इथं अख्खं जंगल बेवड पाळतंय!

मी वाकून मूठभर माती उचलली. मारणारी आणि पोसणारी, दोघी एकाच मुठीत. घरी बांधावरच्या निंबाच्या मुळांतही अशीच पोसणारी बुरशी नांदते. लहानपणापासून त्या सावलीत बसलो, पण तिथली माती अशी हातात धरून कधी पाहिलीच नव्हती.