जाफरची तिसरी इच्छा

जाफरला कुणीही फसवलं नव्हतं. डिस्नेच्या १९९२ सालच्या ‘अलादीन’मधल्या या खलनायकाची हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

आठवून बघा. जादूचा दिवा हातात आल्यावर वजीर जाफर पहिली इच्छा मागतो ती सुलतान होण्याची. सिंहासन मिळतं, पण जुना सुलतान आणि जास्मिन त्याच्यापुढे झुकायला तयार होत नाहीत. झालं, साहेबांचा अपमान! मग दुसरी इच्छा : जगातला सगळ्यात ताकदवान जादूगार. आता तरी पोट भरावं ना? तर सापाच्या विळख्यात सापडलेला अलादीन त्याला सुनावतो, की तुझी ताकद जिनीने दिलेली आहे आणि तो ती काढूनही घेऊ शकतो. जाफर थबकतो. आणि तिसरी इच्छा मागतो : मला जिनी कर. तो लाल, अवाढव्य होतो, आभाळाला टेकतो. मग मनगटांत कडी पडतात आणि एक काळा दिवा त्याला आत ओढून घेतो.

आपल्याकडे कुणीही म्हणेल, हा तर भस्मासुर. पण भस्मासुराला मोहिनीने नाचवलं होतं. नाचाच्या नादात त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर गेला. अलादीनने डाव टाकला हे खरं, पण खोटं एक अक्षरही सांगितलं नाही. उलट जाफरने त्याच जिनीला स्वतः राबवून घेतलं होतं. त्याची कडी, त्याचा दिवा, हुकूम सुटला की हजर होणं, सगळं डोळ्यांसमोर होतं. आपण अॅप टाकताना नियम व अटी न वाचता पुढे जातो. जाफरने त्या वाचल्या होत्या, वापरल्या होत्या, आणि तरीही ‘मान्य आहे’ दाबलं.

का? मला वाटतं, त्याच्या तीनही इच्छा नीट पाहिल्या तर त्यात ‘काय करायचंय’ हे कुठेच नाही. सुलतान होऊन आग्राबाहमध्ये नवा कायदा, नवा रस्ता, असं काही नाही. प्रत्येक वेळी फक्त समोरच्यापेक्षा एक पायरी वर. मोजपट्टी कायम दुसऱ्याच्या हातात. म्हणूनच बेड्यांत अडकलेला माणूसही त्याला तीन शब्दांत हलवू शकतो. ज्याला सगळ्यांच्या वर जायचं असतं, त्याला कुणीही नाचवू शकतं.

मराठीत याच्या सगळ्यात जवळचा मला तात्या विंचू वाटतो. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३चा, म्हणजे ‘अलादीन’च्या पुढच्या वर्षी आलेला. रामदास पाध्येंनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. गुंड तात्याला मरण चुकवणारा मंत्र मिळतो आणि मरता मरता त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. मागितलं ते मिळालं. पुढचा सगळा सिनेमा तो त्या बाहुल्यातून बाहेर पडायची धडपड करतो. जाफरचा दिवा, तात्याचा बाहुला. दोघांनाही अमाप ताकद मिळाली आणि दोघांचीही जागा वीतभर उरली.

ही जागेची गोष्ट वरळीतल्या पोरांना लगेच कळते. आम्ही बीडीडी चाळीतले. शंभर वर्षांपूर्वी सरकारने बांधलेल्या तीन मजली इमारती, वरळीत अशा १२१ होत्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. जिनीची ताकद अफाट आणि राहायची जागा दिव्याएवढी, हा विनोद आला की आमच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली सगळी पोरं खदखदून हसायची. फरक एवढाच, की आमच्या खोलीचं दार उघडं असायचं. दिव्याला आतून कडी नसते.

‘अलादीन’चा पुढचा भाग १९९४मध्ये आला. त्यात जाफरचा दिवा कुणाला सापडतो? अबीस माल नावाच्या धांदरट चोराला. त्रैलोक्य हलवू शकणारा जाफर आता या माणसाच्या इच्छांची वाट बघत उभा! पडद्यावर गंमत वाटते. नोकरी करणाऱ्या माणसाला घाम फुटतो.

कारण मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि गेल्या वर्षी माझ्यासमोर एक दिवा ठेवला गेला. टीम लीडचं पद, पगारात चांगली वाढ, आणि प्रोडक्शनच्या सगळ्या सर्व्हरचा संपूर्ण अॅक्सेस. मी एक कमांड दिली तर लाखभर लोकांचे व्यवहार थांबतील, एवढी ताकद. सोबत एक फोन. तो वाजला की रात्रीचे तीन असोत, उठायचं. हा अॅक्सेस टीममध्ये माझ्या एकटीकडेच राहणार होता, आणि खरं सांगायचं तर मोह त्याच ‘एकटी’चा होता. माझ्याबरोबर लागलेल्या कुणालाच हे मिळालं नव्हतं. मला तिथे काय करायचंय, हे मात्र मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पगार विचारला नाही. “किल्ली परत कधी द्यायची?” एवढंच विचारलं.

बाबा एक वर्ष आमच्या उत्सव मंडळाचे खजिनदार होते. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. वर्गणीचे पैसे, पावतीपुस्तकं, लाऊडस्पीकरच्या वायरी, सगळं त्यात. त्या वर्षी आमचं दार कुणीही, कधीही वाजवायचं. पण पुढच्या वर्षीच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की किल्ली दुसऱ्याच्या हातात जायची, आणि त्या रात्री बाबा शांत झोपायचे. त्या अधिकाराला तारीख होती. शिवाय हिशेब तपासणारा माणूस वेगळा होता.

आमच्या क्षेत्रातही हेच तत्त्व आहे : कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, लागेल तेवढाच वेळ द्यावा. आम्ही ते सर्व्हरना लावतो, स्वतःला लावायचं राहून जातं.

जिनी सुटतो तोही तिसऱ्याच इच्छेवर. अलादीनकडेही तीनच इच्छा होत्या. शेवटची तो स्वतःसाठी न वापरता जिनीला मोकळं करण्यासाठी खर्च करतो आणि ती कडी गळून पडतात. एकाच दिव्यातून एकाला कैद मिळाली आणि दुसऱ्याच्या हातून सुटका झाली. दिवा तोच होता.

मी पद घेतलं. आधी तीन अटी लेखी मागितल्या : संपूर्ण अॅक्सेस आणखी दोघांकडे असावा, फोन आठवड्याला एकाकडून दुसऱ्याकडे जावा, आणि वर्षाने या सगळ्याचा फेरविचार व्हावा. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीवर मॅनेजर हसले, “लोक असे अधिकार परत देत नाहीत,” म्हणाले. मी म्हटलं, लिहून तर ठेवा.

ती तारीख पुढच्या महिन्यात आहे. या आठवड्यात फोन माझ्याकडे नाही.