हिरवा साल्सा आणि सासूबाईंचा प्रश्न



आमच्या मिशिगनच्या परसात टोमॅटिलो भराला आले की दशलक्षण पर्व जवळ आलं समजायचं. शेजारच्या मेक्सिकन आजींनी चार वर्षांपूर्वी दोन रोपं दिली. एकटं झाड लावलं तर फुलं येतात, पण फळ धरत नाही, म्हणून दोन. फळ आपल्या बांधावरच्या चिरबोटीसारखंच, कागदी वेष्टनातलं, पण लिंबाएवढं. त्याचा भाजून केलेला आंबट-तिखट साल्सा ज्वारीच्या भाकरीशीही छान जमतो.

अडचण एकच. सगळं पीक एकदम येतं, आणि पर्वात आम्ही हिरवं खात नाही. शिवाय लेक कॉलेजच्या वसतिगृहात. तिथल्या साल्सात कांदा-लसूण ठरलेला, म्हणून ती बिचारी कोरडा टॉर्टिया खाते. म्हणून मागच्या वर्षी मी साल्सा बाटल्यांत भरायचं ठरवलं.

त्याच वेळी सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. खिडकीपाशी बसून एकेक फळ सोलून शोधून देण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं. वेष्टनाच्या आत कधी कधी अळी असते. एक निघाली, तर त्या तिला पानासकट परत झाडावर ठेवून आल्या. मग फळांचा चिकटपणा धुऊन मी ती ओव्हनमध्ये वरच्या आचेवर भाजली. वांग्यासारखी साल काळी पडली, रस सुटला. लांब हिरव्या मिरच्या भाजून सोलल्या.

कृती मी अमेरिकेच्या कृषी खात्याची धरते. भाजून चिरलेले टोमॅटिलो 5 कप, लांब मिरच्या दीड कप, हालापेन्यो अर्धा कप, बाटलीतला लिंबूरस 1 कप, मीठ 1 मोठा चमचा, मिरपूड 1 छोटा चमचा, थोडी जिरेपूड. मुळात यात 4 कप कांदा आणि लसणाच्या 6 पाकळ्याही आहेत. त्या वगळल्या तर बिघडत नाही, उलट आंबटपणाचं प्रमाण वाढतं. मिरच्या मात्र वाढवायच्या नाहीत आणि लिंबूरस कमी करायचा नाही. हवाबंद बाटलीत आंबटपणा कमी पडला, तर बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. ते दिसत नाही, वासालाही कळत नाही. पीएच 4.6 च्या खालीच हवा. ताज्या लिंबांचा आंबटपणा कमी-जास्त असतो, म्हणून बाटलीतलाच रस. कोथिंबीर खाताना वरून घालायची.

सगळं उकळून 20 मिनिटं मंद आचेवर शिजवलं. गरम पिंट बाटल्यांत वर अर्धा इंच जागा सोडून भरलं, कडा पुसल्या, झाकणं लावली आणि उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून 15 मिनिटं ठेवल्या. उंचावरच्या गावी वेळ वाढवावी लागते. बाटल्या बाहेर काढल्यावर झाकणं एकेक करून टक्‌ टक्‌ वाजली. दिवस मावळायच्या आत तीन बाटल्या ओट्यावर उभ्या होत्या.

सासूबाईंनी विचारलं, "किती दिवसांचं गं हे?"

मी कौतुकाने म्हटलं, "वर्षभर टिकतं, आई."

त्या गप्प झाल्या. ज्यांच्या घरात पीठसुद्धा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात दिवसांच्या वर चालत नाही, ज्यांनी जन्मात मुरलेलं लोणचं चाखलं नाही, त्या काय बोलणार? मीच मग उष्णता, आंबटपणा, हवाबंद झाकण सगळं समजावत बसले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टिकतं ते कळलं. पण मर्यादेत बसतं का, एवढंच विचारते."

रात्रभर ते मनातून जाईना. मी उत्तर देत होते एका प्रश्नाचं, त्यांचा प्रश्न दुसराच होता. बाटली सुरक्षित आहे, हे शास्त्रशुद्ध खरं. पण तेवढ्याने ती शोधाची होत नाही. माझ्या सोयीसाठी मर्यादा ताणून तिला धर्माचं नाव द्यायचं, हे मला पटेना. बाटल्या फेकायच्या, तर लेकीच्या ताटात पुन्हा कांदा-लसूण किंवा कोरडा टॉर्टिया.

सकाळी त्यांना स्पष्ट सांगितलं, "आई, ह्या बाटल्या तुमच्यासाठी नाहीत, व्रतातल्या कुणासाठीच नाहीत. पोरीच्या अडचणीसाठी आहेत. ही माझी पळवाट आहे, मला ठाऊक आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "पळवाटेला पळवाट म्हणतेस ना, मग झालं. पण तीनच कर, तीस नको."

त्या दिवशी उरलेली फळं तव्यावर भाजून ताजा साल्सा केला. सूर्यास्ताआधी सासूबाईंनी भाकरीबरोबर दोनदा मागून घेतला.

यंदाही मी तीनच बाटल्या भरल्या. उरलेली फळं शेजारच्या आजींकडे पोचवली. लेकीला बजावलंय की बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेव आणि आठवड्यात संपव.

तुमच्या घरी परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी काय करता, जरूर कळवा. काही चुकलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.