एका चालीला तीन दिवस

ऑफिसात सगळंच ‘अर्जंट’! मेल आला की पाच मिनिटांत रिप्लाय हवा. अशा जगात एका चालीला तीन दिवस देणारा खेळ म्हणजे चैनच. पूर्वी हे बुद्धिबळ पोस्टकार्डांवर चालायचं, आता ‘लिचेस’वर चालतं. तिथे एका चालीला १४ दिवसांपर्यंत मुदत घेता येते. डाव चालू असताना ओपनिंगची पुस्तकं बघायला हरकत नाही, इंजिनला मात्र सक्त बंदी. कासूला दिवा-रोहा गाडीत बसलं की पनवेल येईस्तोवर एक चाल आरामात शिजते.

खरी मजा डाव संपल्यावर. लगेच ‘स्टॉकफिश’ लावायचं नाही, हा आपला फंडा. प्रत्येक चालीमागचा विचार मी डावाशेजारीच टिपून ठेवतो. आधी ते वाचायचं.

परवाच्या डावात बाविसाव्या चालीला मी वजिरावजिरी केली. नोंद होती: ‘वजीर गेले की त्याचं सी-पट्टीतलं एकटं प्यादं पडणार.’ पडलं, आणि हत्तींच्या एंडगेममध्ये डाव खिशात! इंजिनचं म्हणणं, वजीर ठेवून हल्ला चढवायचा. त्याची वाट जवळची होती, कबूल. पण त्यातली पाचवी चाल मला दिसलीच नसती.

आयसीसीएफच्या पत्र-बुद्धिबळात इंजिन चालतं. तिथे वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. दोघांचे सल्लागार तेवढेच हुशार, मग दुसरं काय होणार?

पटावर काय खरं होतं, ते इंजिन सांगतं. माझ्या डोक्यात काय होतं, ते फक्त त्या नोंदींत सापडतं. पुढच्या डावात तुम्हीही चालीमागे दोन ओळी लिहून बघा. मग खुशाल इंजिन लावा!