शारजातले सात दिवस

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं शारजाला जाऊन आलो. आम्ही दोघंही आचोळ्यात राहणारे शिक्षक. परदेश म्हणजे नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवलेले फोटो, एवढीच आमची ओळख. पण बी.एड.ला आमच्यासोबत असलेली एक मैत्रीण सतरा वर्षांपासून तिथं आहे. "भाईजान, या वर्षीही आला नाहीत तर तुम्हा दोघांशी बोलणं बंद," असं तिनं बजावलं आणि आम्ही तिकिटं काढली.

बुर्ज खलिफा पाहिला. ८२८ मीटर. मान दुखली. त्याबद्दल वाचकांना आम्ही नवं काय सांगणार! जीव रमला तो दुबईच्या खाडीवर. एक दिरहम दिला की लाकडी अब्रा देऱ्याहून पलीकडे बर दुबईला सोडते. काठाला ढाऊ लागलेले, त्यांवर फ्रिज, टायर, गोण्या चढत होत्या. आमचं सोपारा बंदर अरब भूगोलकारांना 'सुबारा' म्हणून ठाऊक होतं, ते तिथं उभं राहून आठवलं. मैत्रिणीच्या शोहरनी सांगितलं की १९५९ पासून इथं आपल्या रिझर्व्ह बँकेनं छापलेला खास गल्फ रुपया चालायचा, थेट १९६६ पर्यंत.

नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात, कारण भाडं कमी. अंतर थोडं, पण रस्ता इतका तुंबतो की भाईसाहेब फजरनंतर लगेच निघतात. एसी गाडीत बसून तासभर अडकणं बरं की विरार लोकलच्या दारात लटकणं, यावर बरीच चर्चा झाली. निकाल लागला नाही.

घरात बेडरूम एकच. ती आम्हाला दिली आणि चौघं हॉलमध्ये झोपले. रोज दस्तरखानावर सुरमईचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या. पण घरात एक गोष्ट सारखी खटकत होती. सोफा जुना घेतलेला, पडदे घरमालकाचे, ताटं प्लॅस्टिकची. कपाटावर मात्र खोकी रचलेली : डिनर सेट, झुंबर, नवे पडदे. व्हिसा दोन वर्षांचा, नोकरी गेली की मुक्काम संपला, म्हणून चांगली वस्तू दिसली की आचोळ्याच्या फ्लॅटसाठी ठेवून द्यायची, असं सतरा वर्षं चाललं होतं.

तो फ्लॅट आता नाही. आचोळ्यातल्या ४१ बेकायदा इमारतींचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर त्या उभ्या होत्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीस पाडकाम सुरू झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला वस्तीच उठली. ज्यानं फ्लॅट विकला त्याचा फोन लागत नाही.

"तिथं आता काय दिसतं?" तिनं दुसऱ्याच रात्री विचारलं. आम्ही रोज शाळेला जाताना जे पाहिलं ते सांगितलं. लोक खिडक्यांच्या चौकटी खांद्यावर घेऊन चालले होते. परीक्षा तोंडावर असताना आमच्या वर्गातली सहा मुलं शाळेचा दाखला घेऊन गेली. त्यातला एक मुलगा कुठं गेला ते अजून कळलेलं नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमचा निदान पगार तरी चालू आहे."

आम्ही आठ दिवसांचे मेहमान. हे दोघं इथं सतराव्या वर्षीही मेहमानच, आणि जिथं मेहमान नसायला हवं होतं तिथं छप्पर उरलं नाही. इतकं सगळं होऊन त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. आमच्यात एवढा सब्र नाही.

शेवटच्या रात्री जेवण त्या नव्या डिनर सेटमध्ये वाढलं होतं. खोकं फोडताना मुलांना कोण आनंद! धाकटी म्हणाली, "अम्मी, आता रोज यात?" अम्मी हो म्हणाली.

निघताना तिनं एक कागद हातात दिला. आचोळ्यातच दुसरी एक इमारत त्यांनी मनात धरली आहे. सातबारा, बिनशेती परवानगी, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, महारेराचा नंबर आणि विकास आराखड्यात त्या जमिनीवर आरक्षण आहे का, एवढं पाहून कळवायचं आहे. सातबारा काढला. बाकीच्यांसाठी रविवार सोडून दुसरा दिवस पाहावा लागेल, रविवारी कचेरी बंद.